सोडा आणि सूद

भाषांतर हे काम झेरॉक्सच्या दुकानात होतं, अशी आपल्याकडे पुष्कळ सुशिक्षित माणसांची समजूत आहे. कागद एका बाजूने सारायचा, मशीन जरा घरघरतं आणि दुसऱ्या बाजूने तोच कागद दुसऱ्या भाषेत बाहेर येतो. फरक एवढाच की झेरॉक्सवाला पानाला दोन-तीन रुपये घेतो आणि भाषांतरवाला त्याच्या कितीतरी पट मागतो. सबब भाषांतरवाला लबाड! ही समजूत आपल्यापुरती असती तर मी सोडून दिली असती. पण खुद्द युरोपात, जिथे दर शंभर मैलांवर भाषा बदलते आणि माणसं न्याहारीपासून तीन भाषांत भांडतात, तिथेही ती ठाण मांडून बसली आहे असं कळल्यावर मला गप्प बसवेना.

कळलं ते आमच्या साडूच्या मुलाकडून. मिलिंद माटुंग्याला केमिकल इंजिनिअरिंग शिकला आणि आता बाझेलजवळ एका रसायनाच्या कारखान्यात आहे. बाझेल हे गाव मोठं चमत्कारिक ठिकाणी वसलंय. स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्स तिथे एकमेकांना खेटून उभे आहेत. माणूस एका देशात झोपतो, दुसऱ्या देशात कामाला जातो आणि तिसऱ्या देशात स्वस्त मिळते म्हणून भाजी आणतो. मिलिंदच्या कंपनीचे सगळे कागद जर्मन आणि नवा कारखाना फ्रेंच हद्दीत. तेव्हा रसायनाची माहितीपत्रकं, यंत्रांच्या सूचना, सुरक्षेचे कागद असा एक ट्रंकभर मजकूर जर्मनमधून फ्रेंचमध्ये न्यायचा होता. साहेबांनी हुकूम सोडला, "दोन्ही भाषा येणारा कुणीतरी पाहा. स्वस्तातला. शुक्रवारपर्यंत."

"काका," मिलिंद फोनवर म्हणाला, "हे लोक व्हॉल्व्ह घ्यायचा तर सहा महिने चौकशी करतात. आणि त्या व्हॉल्व्हची सूचना लिहिणारा मात्र शुक्रवारपर्यंत!"

या एका वाक्यात सगळं प्रकरण आलं. तुम्ही विचाराल, तुम्ही बँकेतले कारकून, कॉमर्सचे पदवीधर. तुमचा रसायनशास्त्राशी संबंध काय? संबंध लिटमसच्या कागदापर्यंतच. पण मुद्दा रसायनाचा नाहीच. कागदावर लिहिलेल्या शब्दाला जबाबदार कोण, हा मुद्दा आहे, आणि त्या एका प्रश्नावर आमची अख्खी बँक उभी आहे.

आधी हे स्पष्ट करतो की हा कुणा दोन हौशी प्राध्यापकांचा पत्रव्यवहार नाही. युरोपीय संघाचा २००६ सालचा रसायनांबद्दलचा कायदा असं सांगतो की धोकादायक रसायन ज्या देशात विकायचं, त्या देशाच्या अधिकृत भाषेत त्याचं सुरक्षापत्रक दिलं पाहिजे. हे पत्रक सोळा विभागांचं असतं. अंगावर सांडलं तर काय करायचं, आग लागली तर काय मारायचं, हातमोजे कसले घालायचे, सगळं त्यात. पेटंटचं तसंच. १९७३ साली म्युनिकला झालेल्या युरोपीय पेटंट कराराप्रमाणे अधिकृत भाषा तीन: इंग्रजी, फ्रेंच, जर्मन. अर्ज जर्मनमध्ये केला तरी पेटंट मंजूर होताना त्यातले हक्काचे दावे उरलेल्या दोन भाषांत द्यावेच लागतात. २००८ सालापर्यंत तर फ्रान्समध्ये हक्क चालवायचा असला तर अख्खं पेटंटच फ्रेंचमध्ये उतरवावं लागे. स्वित्झर्लंडमध्ये औषधाच्या खोक्यातली घडी उलगडली की जर्मन, फ्रेंच, इटालियन असा तिरंगा फडकतो. आणि १ नोव्हेंबर १९८६ला बाझेलजवळ श्वाइत्सरहाले इथे रसायनांचं गोदाम जळलं, विझवायचं पाणी ऱ्हाइनमध्ये गेलं, नदी तांबडी झाली आणि हजारो मासे मेले, तेव्हा ते पाणी फ्रान्सच्या आणि जर्मनीच्या काठाने वाहताना कुणाची भाषा विचारत बसलं नाही. रसायन सीमा ओलांडतं ते दुभाष्यावाचून. माणसाला मात्र तो लागतो.

आता उमेदवार पाहू. पहिला उमेदवार म्हणजे 'दोन्ही भाषा येणारा'. सीमेवरच्या गावात असे ढिगाने. आजी जर्मन बोलते, बायको फ्रेंच बोलते, हा दोघींना भितो. म्हणून दोन्ही भाषा अस्खलित. अहो, पण दादर आणि ठाणे ही दोन्ही स्टेशनं माहीत आहेत म्हणून आपण प्रवाशाला मोटरमन करतो का?

साधा सोडा घ्या. आपल्याकडे सोड्याचं एक बरं आहे. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा आणि गोटीच्या बाटलीतला सोडा. आडनाव एकच असलं तरी नावं वेगळी, त्यामुळे भजी फुगतात आणि माणसं वाचतात. जर्मन माणूस नुसतं 'झोडा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात धुण्याचा सोडा असतो. खाण्याच्या सोड्याला तो 'नाट्रोन' म्हणतो. आणि त्याच नाट्रोनला 'लाउगे' हे शेपूट लावलं की झालं कॉस्टिकचं पाणी, कातडी सोलून काढणारं! आता आमचा पहिला उमेदवार झोड्याचं फ्रेंच करायला बसतो. फ्रेंचमध्ये 'सोदा' आहेच, हे पाहून त्याला आनंद होतो. पण फ्रेंच सोदा म्हणजे दुकानात मिळणारं गोड, फसफसणारं पेय. कारखान्याच्या सूचनेत 'टाकीत चाळीस किलो शीतपेय ओता' असं कसं चालेल, म्हणून तो जरा विचार करतो आणि 'सूद' लिहितो. सूद म्हटलं की आम्हा बँकवाल्यांचे कान टवकारतात. पण हा सूद व्याजाचा नव्हे. फ्रेंच कामगार नुसता 'सूद' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात येतो तो कॉस्टिक! म्हणजे धुण्याचा सोडा जर्मनीतून निघाला आणि फ्रान्सला पोचेपर्यंत कॉस्टिक झाला. व्याकरण शुद्ध आहे, स्पेलिंग बरोबर आहे, आणि माणूस दवाखान्यात आहे.

किंवा बेन्झिन घ्या. जर्मन 'बेन्त्सीन' म्हणजे पेट्रोल. आपण ज्याला बेन्झिन म्हणतो, जे रक्ताचा कर्करोग करतं, ते जर्मनमध्ये 'बेन्त्सोल'. फ्रेंचमध्येही 'बँझीन' असा शब्द आहे, पण तो कपड्यांवरचे डाग काढायच्या द्रवाला लावतात, आणि जुन्या पुस्तकांत तर खऱ्या बेन्झिनला. मग पेट्रोलला फ्रेंच काय? तर 'एसाँस'! आपण इसेन्स श्रीखंडात दोन थेंब घालतो, ते लोक गाडीत चाळीस लिटर भरतात. आणि फ्रेंच 'पेत्रोल' म्हणजे खनिज तेल किंवा आपलं रॉकेल. ही जाळी ज्याला माहीत नाही, त्याला दोन्ही भाषा येत असल्या तर धोका कमी होत नाही, दुप्पट होतो.

दुसरा उमेदवार म्हणजे रसायनशास्त्रज्ञ. याच्या बाजूने बोलणारे मोठ्या तोऱ्यात सांगतात की सूत्रं सगळ्या जगात सारखीच असतात, भाषेचं काय घेऊन बसलात! सूत्रं सारखी असतात हे खरं. पण 'हळूहळू', 'सतत ढवळत', 'थंड करूनच' यांना सूत्र नाही, आणि बाटली फुटते ती तिथे. शिवाय पदार्थांची नावंही एका आईची लेकरं नव्हेत. जर्मन ज्याला 'नाट्रियुम' म्हणतो, त्याला फ्रेंच 'सोद्युम' म्हणतो. नायट्रोजनला फ्रेंच अजून 'आझोत' म्हणतात, म्हणजे ग्रीकमध्ये निर्जीव. जर्मन त्यालाच 'श्टिकश्टॉफ' म्हणतात, म्हणजे गुदमरवणारा. एकच बिचारा वायू. एकाने मयत ठरवला, दुसऱ्याने खुनी. ऑक्सिजनचा तर न्यारा प्रकार. सगळ्या आम्लांत तो असतोच, अशा समजुतीने लाव्हाझिएने त्याला 'आम्ल करणारा' असं ग्रीक नाव दिलं. जर्मनांनी त्याचं इमानेइतबारे 'झाउअरश्टॉफ', आंबट पदार्थ, असं भाषांतर केलं. पुढे १८१० साली डेव्हीने दाखवून दिलं की मिठाच्या आम्लात ऑक्सिजनचा लवलेश नाही. पण तोवर चूक दोन्ही भाषांत कायम नोकरीवर लागली होती. आपण 'प्राणवायू' म्हणून मोकळे झालो, ते किती शहाणपणाचं!

जुने ग्रंथ उघडले तर शास्त्रज्ञालाही घाम फुटतो. 'क्लोरकालियुम' म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या शेतकऱ्याच्या पोटॅश खताच्या पोत्यात असतं ते. आणि 'क्लोरझाउरेस काली' म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, आगकाडीच्या गुलात असतं ते. एक शेतात टाकायचं, दुसरं पेटतं. आणि शास्त्रज्ञाची खरी खोड निराळीच. लेखकाला काय म्हणायचं असणार, हे त्याला आधीच कळलेलं असतं. त्यामुळे लेखकाने काय म्हटलंय ते तो वाचत नाही. शिवाय त्याचं फ्रेंच असं की वाक्यं उभी आहेत फ्रान्समध्ये, पण क्रियापद जर्मनीत राहिलंय.

एका शब्दाने असं काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक शब्द सांगतो. १८६९ साली मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची मांडणी रशियनमध्ये प्रसिद्ध केली. तिचा सारांश त्याच वर्षी एका जर्मन नियतकालिकात आला. मेंडेलीव्हचं सगळं म्हणणं 'आवर्ती' या एका शब्दात होतं. गुणधर्म ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा येतात. जर्मन सारांशात त्या जागी 'पायरीपायरीने' असा शब्द पडला. पायरीपायरीने माणूस वर जातो, पुन्हा तिथेच येत नाही. जर्मनीतले लोथार मायर याच विषयावर काम करत होते, त्यांनी वाचला तो हा सारांश. पुढे मान कुणाचा यावर दोघांचा जाहीर वाद झाला, त्यात हा शब्दही निघाला. रसायनशास्त्रातला सगळ्यात मोठा शोध आणि अडखळला कुठे, तर भाषांतराच्या पायरीवर!

तिसरा उमेदवार साहित्यिक. याने जर्मन कविता फ्रेंचमध्ये आणलेल्या असतात. फ्रेंच शाळेत लहानपणापासून शिकवतात की एकच शब्द पुन्हापुन्हा वापरणं हे गावंढळपणाचं लक्षण. त्यामुळे जर्मन मजकुरात नऊ वेळा 'द्रावण' आलं, तर हा गृहस्थ पहिल्यांदा द्रावण लिहितो, मग द्रव, मग मिश्रण, मग 'उपरोक्त पेय' म्हणायलाही कमी करत नाही. वाचणारा फ्रेंच कामगार बाकीच्या भांड्यांचा शोध घेत गोदामभर हिंडतो. बरं, युरोपीय संघाच्या २००८ सालच्या नियमाने धोक्याची वाक्यं सर्व अधिकृत भाषांत आधीच ठरवून दिली आहेत, क्रमांकासकट. एच ३१४ म्हणजे कातडी भाजते आणि डोळ्यांना गंभीर इजा होते. त्याचं फ्रेंच वाक्य छापील तयार आहे, ते उतरवायचं. साहित्यिकाला ते वाक्य निरस वाटतं आणि तो ते सुधारतो. चेकवरच्या 'रुपये पाचशे फक्त' मधला 'फक्त' काढून तिथे 'केवळ, हो केवळ' असं कुणी लिहिलं तर आमचे हेड कॅशियर काय करतील, याची कल्पना करा.

चौथा उमेदवार बसल्या जागी, चहा न मागता काम करतो. यंत्र! मी यंत्राचा शत्रू नाही. आमची सगळी बँक यंत्रावर चालते आणि ते बंद पडलं की आमच्याकडे पाहून लोकांची करमणूक होते. सरळ मजकूर यंत्र फार छान करतं, अनेक माणसांहून छान. माझी तक्रार त्याच्या छानपणाबद्दलच आहे. काउंटरवर इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. जो माणूस अडखळत बोलतो तो बहुधा खरा असतो. घडाघडा बोलतो त्याच्या सह्या दोनदा ताडून पाहाव्यात. यंत्र अडखळत नाही. जर्मनमध्ये 'फेरब्रेनुंग' म्हणजे पदार्थाचं जळणंही आणि हाताचं भाजणंही. फ्रेंचमध्ये दोघांना शब्द वेगळे. यंत्र दहापैकी नऊ वेळा बरोबर शब्द लावतं, आणि दहाव्यांदा चुकतं तेही तितक्याच गोड आवाजात. अडाण्याने केलेलं भाषांतर निदान अडाणी दिसतं!

आणि जर्मन लोकांचा तो लाडका शब्द, 'बेत्सीउंग्सवाइझे'! लिहितात तीनच अक्षरांत आणि अर्थ किमान तीन: 'किंवा', 'म्हणजेच', 'अनुक्रमे'. पेटंटच्या दाव्यात 'अमुक बेत्सीउंग्सवाइझे तमुक' असं लिहिलं असेल तर दोन्ही पदार्थांवर हक्क, की कोणत्याही एकावर, की पहिल्या प्रकारात पहिला आणि दुसऱ्यात दुसरा? यावर कारखाना कुणाचा ते ठरू शकतं. चांगला अनुवादक इथे काय करतो? फोन उचलतो आणि मूळ लेखकाला विचारतो, "महाराज, तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?" आणि गंमत अशी की पुष्कळदा लेखकालाही ते तेव्हाच कळतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अनुवादक त्याच्या उत्तरांवरून निवडू नका, त्याच्या प्रश्नांवरून निवडा. फ्रेंच ही त्याची आईची भाषा हवी, कारण माणूस बिनचूक लिहितो ते घरच्या भाषेत. जर्मन त्याने इतकं वाचलेलं हवं की जर्मन वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'नाही'ची त्याला धास्ती वाटावी. आणि रसायन इतकं कळायला हवं, की आपल्याला काय कळलेलं नाही ते कळावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "असली माणसं मिळतात कुठे?" मिळतात, आणि ती अगदी त्याच प्रदेशात मिळत आली आहेत. शार्ल गेरहार्ट १८१६ साली स्ट्रासबुर्गला जन्मला, जर्मनीत गीसेनला लीबिगच्या हाताखाली शिकला आणि लीबिगचा सेंद्रिय रसायनाचा ग्रंथ १८४०च्या दशकात त्याने फ्रेंचमध्ये आणला. तो स्वतः मोठा रसायनशास्त्रज्ञ झाला. त्याच मुलुखातला आडोल्फ व्युर्त्सही लीबिगकडे शिकून आला. पुढे १८६८-६९च्या सुमारास आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने रसायनशास्त्र हे फ्रेंचांचं शास्त्र असल्याचं जाहीर केलं आणि लाइपझिगचे कोल्बे वगैरे जर्मन विद्वान संतापाने लाल झाले. ते भांडण आपण सोडून देऊ. पण त्या काळी भाषांतर हे विद्वानाला शोभणारं काम होतं, ग्रंथावर त्याचं नाव छापलं जाई. आज तेच काम आपण शब्दाला किती पैसे या हिशेबाने विकत घेतो आणि मग चांगली माणसं मिळत नाहीत म्हणून गळा काढतो. शब्दाला भाव लावला की माणूस शब्द पुरवतो. ज्या एका शब्दासाठी तो अर्धा दिवस ग्रंथ चाळत बसला, त्या अर्ध्या दिवसाचं व्हाउचर कुणी पास करत नाही.

आमच्या बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची, असा दंडक आहे. मग रक्कम केवढी का असेना. भाषांतरालाही हा नियम आहे. आयएसओ १७१०० हे २०१५ सालचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की भाषांतर करणाऱ्याहून वेगळ्या माणसाने ते मुळाशी ताडून पाहिलंच पाहिजे. पण खर्च वाचवायचा ठरला की पहिली कात्री लागते ती या दुसऱ्या माणसाला. पाचशे रुपयांना दोन माणसं आणि कॉस्टिकच्या टाकीला एकच, तोही शुक्रवारपर्यंत! आणि त्याचं नाव? सुरक्षापत्रकावर कंपनीचं नाव असतं, पत्ता असतं, फोन नंबर असतो. कोणत्या विभागात कधी दुरुस्ती झाली त्याची तारीख असते. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवून कामगार हातमोजे घालणार की नाही ते ठरतं, त्याचा कुठे उल्लेख नाही. नाव छापा. नाव छापलं की माणूस दोनदा वाचतो, हा मानवी स्वभाव आहे; आमच्या सहीच्या नमुन्याच्या कार्डाचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच.

तेव्हा ज्या कुणाला जर्मनमधून फ्रेंचमध्ये रसायन न्यायचं असेल, त्याने एक करावं. सोडा, नाट्रोन आणि बेन्त्सीन असलेलं एक पान उमेदवाराच्या हाती द्यावं. संध्याकाळी तो स्वच्छ, सुंदर, एकही प्रश्न नसलेला कागद घेऊन आला तर त्याला कॉफी पाजून निरोप द्यावा. दिवसभरात चार वेळा फोन करून ज्याने डोकं उठवलं असेल, जुनं नाव की नवं, धुण्याचा की कॉस्टिक, असं विचारून ज्याने भंडावलं असेल, त्याला मात्र सोडू नये आणि त्याच्याशी घासाघीसही करू नये. त्याचा दर ऐकून साहेबांना भोवळ आलीच, तर सुरक्षापत्रकाचा चौथा विभाग उघडावा. प्रथमोपचार तिथेच दिलेले असतात. अर्थात, त्या पानाचं भाषांतर कुणाकडून करून घेतलंय, ते आधी पाहून.